भिंतीकडची पाठ

आबा गेले तो मंगळवार होता. सकाळी सहाला ते क्लबात गेले. त्यांनी कोर्टावर पाणी मारलं, रूळ फिरवला आणि रेषांवर चुन्याची फक्की मारायला घेतली. बेसलाइन झाली. सर्व्हिसची रेषा निम्म्यावर आली तिथं ते बसले आणि उठले नाहीत. निरोप आला तेव्हा मी ग्रंथालयात जायला निघाले होते. मी दवाखान्यात गेले. दहा वाजता डॉक्टर बाहेर आले.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, आणि घरात आई आणि मी उरलो. लोक विचारत, आबांची कुठली आठवण जास्त येते. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेत असे. खरं म्हणजे मला एकच दुपार आठवत होती. ती कोल्हापुरातली नव्हती, आणि तिच्याबद्दल मी आजवर कुणाला काही सांगितलेलं नाही.

आबांना दोन कामं होती. पहाटे क्लबातल्या टेनिस कोर्टाची निगा, आणि नऊनंतर पुतळ्यांच्या कारखान्यात. दोन्हीकडं मातीच, असं ते म्हणत. क्लबातली माती मुरमाची. ती चाळायची, शेणकाल्यानं सारवायची, रूळ फिरवून वाळवायची. कारखान्यातली शाडूची. ती ओल्या गोणपाटाखाली जपायची आणि वाळू द्यायची नाही. आबांच्या नखांत दोन्ही माती असायची, आणि रविवारी आई त्यांना उन्हात बसवून हेअरपिनेनं ती काढायची.

शाळा भरेपर्यंत मी क्लबात थांबायची. एका साहेबांनी टाकून दिलेली, तारा सैल झालेली रॅकेट आबांनी मला दिली आणि मी मागच्या भिंतीवर चेंडू मारत बसू लागले. तिथून कोचसरांनी मला कोर्टावर आणलं. पुढं जिल्हा, राज्य असं होत गेलं. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं काही नाही. मी बरी खेळायची. आबा माझी प्रत्येक मॅच बघायचे, पण इतर पालकांसारखं बाजूच्या खुर्चीवर बसून नव्हे. ते बेसलाइनच्या मागं, जाळीपलीकडं, उकिडवे बसायचे. मी बाजू बदलली की उठून दुसऱ्या टोकाला जायचे. सगळ्या क्लबात त्यावरून चेष्टा व्हायची. मी एकदा चिडून म्हटलं की समोर बसा, मला बरं वाटेल. ते म्हणाले, समोर बसलो की तू माझ्याकडं बघतीस, खेळत न्हाईस.

मागून बघायची ही सवय त्यांना कारखान्यात लागली होती. तिथं कामाची वाटणी ठरलेली होती. चेहरा, हात, छातीवरचा शेला हे मालक स्वतः करायचे. लोकांना दाखवायचं ते सगळं मालकांचं. पाठ आबांची. कोटाच्या पाठीवरची चूण, उपरण्याचा मागचा पदर, मानेवरचे केस, घोड्याचं पुठ्ठं, हे सगळं आबा करायचे. मग साचा घेणं, प्लास्टर ओतणं, साच्याचे तुकडे जुळतात तिथं उठणारा सांधा कानशीनं घासून काढणं हेही त्यांचंच. सांधा दिसला की मालक कामगाराची त्या दिवशीची हजेरी मांडत नसत. बोट फिरवून बघायचे. आबांच्या कामावर मात्र त्यांनी बोट फिरवल्याचं मी पाहिलेलं नाही.

पुतळा बसवायला आबांना गावोगाव जावं लागायचं. सुट्टी असली की ते मला बरोबर न्यायचे. बिद्रीला गेलो होतो, नेसरीकडं गेलो होतो. एकदा चंदगडच्या बाजूला एसटीच्या मागच्या बाकावर गोणपाटात बांधलेला अर्धपुतळा मधे आणि त्याच्या दोन बाजूंना आम्ही दोघं, असा प्रवास केला. कंडक्टरनं विचारलं, पावण्यांचं तिकीट काढलंय का? आबा म्हणाले, हे उतरल्यावर कायमचं तिथंच ऱ्हाणार हाईत, एका बाजूचंच द्या. गावात हार, नारळ, भाषणं, फोटो चाललेले असायचे. सगळी माणसं समोर. आबा मला हाताला धरून चौथऱ्याच्या मागं घेऊन जायचे.

"फुडनं गिऱ्हाईक बघतंय," ते म्हणायचे. "आपून मागनं बघायचं. ही पाठ माझी."

आमच्या वस्तीतल्या विहारातली बुद्धमूर्तीही त्याच कारखान्यातली. ती भिंतीला लावून बसवली आहे. मूर्ती भिंतीलाच लागणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी आबांनी चीवराच्या मागच्या सगळ्या घड्या घातल्या. आईनं त्यांना विचारलं होतं, कोन बघनार हाय ते? मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. वंदनेला बसले की मला ती न दिसणारी पाठ आठवायची, आणि ती मला माहीत आहे याचा गर्व वाटायचा.

परदेशातल्या ज्युनिअर स्पर्धेला माझी निवड झाली तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मी सतरा वर्षांची होते. कोचसर बरोबर येणार होते. जायच्या आधी तीन आठवडे त्यांना कावीळ झाली. इतक्या घाईत दुसरं कोण जाणार, पासपोर्ट कुणाकडं आहे, याची क्लबात चर्चा सुरू झाली, तेव्हा फक्की मारता मारता आबा म्हणाले, माझ्याकडं हाय.

सगळे हसले. पण तो खरंच होता. काही वर्षांपूर्वी कारखान्यातून एक पुतळा समुद्रापलीकडं जाणार होता आणि तो बसवायला आबांनी जायचं ठरलं होतं. पासपोर्ट निघाला. मग तिकडच्यांनी कळवलं, पुतळा पाठवा, माणूस नको. आबांची केलेली पाठ जहाजानं गेली आणि पासपोर्ट ट्रंकेत राहिला. त्यातली सगळी पानं कोरी होती. मुदत संपायला वर्ष बाकी होतं.

क्लबाच्या सेक्रेटरीसाहेबांनी त्यांचा कोट दिला. त्याच्या बाह्या आबांच्या बोटांवर यायच्या. त्या कोटात आबा मला विमानतळावर पहिल्यांदा परके वाटले, आणि हे लिहिताना कसंतरी होतं, पण मला त्यांची लाज वाटायला तिथूनच सुरुवात झाली.

ते गाव लहान होतं, आणि तिथली कोर्टं लाल मातीची होती. पोचल्या पोचल्या आबा कोर्टाच्या कडेला बसले, चिमूटभर माती तळहातावर घेतली, चोळली, वास घेतला. विटांचा भुगा हाय, शेन न्हाई, म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर तिथल्या कामगाराबरोबर ते कोर्टावर माती सारखी करायची जाळी ओढत होते. त्या माणसाला मराठी येत नव्हतं आणि आबांना त्याची भाषा येत नव्हती, पण दोघं बोलत होते. इतर देशांतल्या मुली आपापल्या कोचबरोबर आल्या होत्या. त्यांतल्या एकीनं मला विचारलं, तो जाळी ओढणारा माणूस तुझ्याबरोबर आहे का. मी हो म्हटलं. कोण आहे हे सांगितलं नाही.

पहिली मॅच मी जिंकले. आबा मागंच बसले होते. मॅच संपल्यावर ते एवढंच म्हणाले, उजवा खांदा लवकर उघडतीस, समोरचीला आधीच कळतंय कुठं मारणार ते. त्यानंतर पाऊस लागला, वेळापत्रक कोसळलं आणि माझी दुसरी मॅच एक दिवस पुढं गेली. मधला दिवस मोकळा. फक्त दुपारी साडेचारला सरावासाठी अर्धा तास कोर्ट मिळालं होतं. वेळेवर गेलं नाही तर ते दुसरीला देणार होते.

स्पर्धेच्या पुस्तिकेत शेवटच्या पानावर गावातल्या बघण्याच्या जागा छापल्या होत्या. त्यात एका पुतळ्याचा अंगठ्याएवढा फोटो होता. आबांनी त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, हे कुठं हाय? ते शिल्पांचं संग्रहालय होतं, ट्रामनं चार थांब्यांवर. मला खरं तर खोलीत पडून राहायचं होतं. पण आबांनी त्या सगळ्या प्रवासात स्वतःसाठी मागितलेली ती एकच गोष्ट होती, म्हणून मी चला म्हटलं.

एक जुनं दुमजली घर, बाजूला मोठी बाग. पाऊस नुकताच उघडला होता. बागेत काशाचे पुतळे होते, त्यांच्या खांद्यांवर पाणी साचलं होतं. लोक पायवाटेनं एकामागून एक पुतळ्यासमोर थांबत होते. आबा ओल्या गवतातून थेट मागं जायचे. पुतळ्याची पाठ बघून झाली की मग पुढं येऊन चेहऱ्याकडं एकदा बघायचे, कुणाला बघून ओळख पटवावी तसं. कधी मला हाक मारायचे आणि हवेत बोटानं दाखवायचे, इथं हात थांबलाय बघ, इथं घाई केल्याय बघ. मी हळू बोला म्हटलं. ते म्हणाले, हितं कुनाला कळतंय?

आत एका खोलीत प्लास्टरचे नमुने होते. तिथं आबा दारातच थांबले आणि हसायला लागले. पुतळ्यांच्या अंगावरून, गालावरून, मांडीवरून साच्याचे सांधे उभे-आडवे गेले होते. कुणी घासलेच नव्हते. मला वाटलं काम अर्धवट राहिलं असेल. भिंतीवरच्या पाटीवरचं इंग्रजी मी वाचलं. त्या शिल्पकारानं ते मुद्दाम ठेवले होते. हे मी आबांना सांगितलं.

"मुद्दाम?"

"व्हय. तसं लिहिलंय."

ते एका प्लास्टरच्या माणसाच्या मागं जमिनीवर मांडी घालून बसले. कोटाच्या बाह्या मांडीवर पसरल्या होत्या. म्हणाले, आमच्या मालकांनी ह्येची हजेरी मांडली नसती. मग पुन्हा हसले, पण आधीसारखं नाही. तीस वर्षं ते हेच सांधे घासत आले होते. एक शाळेची सहल आत आली, मुलं त्यांना वळसा घालून गेली, एकानं वाकून त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मी खिडकीपाशी जाऊन बाहेर बघत उभी राहिले, जशी काही मी एकटीच आले होते.

शेवटच्या खोलीत कोपऱ्यात एक बाई होती. संगमरवराची, माणसाएवढी. गुडघे पोटाशी घेऊन, हातांनी ते कवळून, कपाळ गुडघ्यांवर टेकून बसलेली. केस पुढं सांडलेले. समोरून बघणाऱ्याला नडग्या, हाताची बोटं आणि केस एवढंच दिसायचं. ती रडते आहे का झोपली आहे हे समोरून कळत नव्हतं. आणि तिची पाठ भिंतीकडं होती. मधे हातभर जागा, पुढं दोरी.

आबा डावीकडून बघून आले, उजवीकडून बघून आले. खाली वाकले. गाल भिंतीला लावून बघायला गेले तेव्हा मी त्यांना मागं ओढलं.

"हिचं सगळं मागंच हाय की गं," ते म्हणाले. "आनि मागनंच भिंतीला लावल्याय."

त्या खोलीची राखण एक बाई करत होती. पन्नाशीची, निळा पोशाख, कोपऱ्यात खुर्ची. आबा तिच्याकडं गेले. मी इंग्रजीत काहीतरी जुळवत होते, तेवढ्यात त्यांनी स्वच्छ कोल्हापुरीत सुरू केलं. अवो ताई, ही बाई भिंतीकडं पाठ करून बसलीया, आमाला ती पाठ बघायची हाय, कायतरी करा. मधेच स्वतःची पाठ तिच्याकडं वळवली, हात मागं नेऊन पाठीवरून वरखाली फिरवला, आणि दोन बोटं डोळ्यांना लावली. मला जमीन दुभंगेल तर बरं असं झालं होतं. ती बाई आधी त्यांच्याकडं, मग पुतळ्याकडं बघत राहिली. तिनं हाताचा पंजा उंच केला, थांबा असा, आणि एका लहान दारातून आत निघून गेली.

आम्ही थांबलो. आबा दोरीपाशी हात मागं बांधून उभे होते. खोलीत घड्याळ होतं. चार वाजायला दहा मिनिटं होती, मग पाच, मग चार वाजले. ट्रामला दहा मिनिटं, कपडे बदलायला दहा. मी म्हटलं, आबा, चला. ते म्हणाले, ताई थांबा म्हनलीया. मी म्हटलं, ती तिच्या कामाला गेली असेल. मग थोड्या वेळानं म्हटलं, माझी उद्या मॅच आहे, तुम्हाला काय, तुम्हाला फक्त बघायचंय.

हे मी म्हटलं. दुसऱ्या कुणी नाही.

त्यांनी पुतळ्याकडं बघितलं, त्या लहान दाराकडं बघितलं. "चल," म्हणाले. "परत येऊ की कवातरी."

ट्रामचा थांबा संग्रहालयाच्या समोरच होता. आबा रुळांकडं बघत उभे होते, त्यांच्या पाठीमागं ते घर. ऊन पडलं होतं. मी सहज मागं वळले. शेवटच्या खोलीची खिडकी रस्त्याकडं होती, तिच्यात काहीतरी चमकलं. ती निळ्या पोशाखातली बाई परत आली होती. तिच्या हातात मुठीचा एक मोठा गोल आरसा होता. ती दोरीच्या आत उभी होती आणि आरसा पुतळ्याच्या आणि भिंतीच्या मधल्या जागेत धरायला हात पुढं केलेला होता. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग आरसा खाली घेतला.

ट्राम येताना दिसत होती. मला आबांच्या कोटाची बाही ओढायची होती, एवढंच. ते पळत गेले असते, दोन मिनिटांत बघून आले असते. पुढची ट्राम होती. पण मी पुन्हा त्या खोलीत गेलेले आबा मला डोळ्यांपुढं दिसले, गुडघे टेकून आरशात बघणारे, मोठ्यानं बोलणारे, आणि भोवती जमलेली ती सहलीची मुलं. मी बाही ओढली नाही. ट्राम आली, आम्ही चढलो.

सराव चांगला झाला. दुसऱ्या दिवशीची मॅच मी हरले. पहिला सेट बराच लांबला, दुसरा पटकन संपला. आबा मागं बसलेले आहेत हे मला पूर्ण वेळ जाणवत होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते मागं नसावेत असं वाटत होतं.

परतीच्या विमानात ते खिडकीशी बसले होते. बराच वेळ ढगांकडं बघत होते. मला झोप लागली असं समजून असेल, अगदी हळू विचारलं.

"ती बाई परत आलती का गं? तू मागं वळून बघत हुतीस."

मी डोळे न उघडता म्हटलं, "न्हाई."

"किल्ली गावली नसंल बिचारीला," आबा म्हणाले.

ती आतून किल्ली आणायला गेली असं त्यांनी ठरवलं होतं. कसली किल्ली, कशाची, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. पुतळ्याला कुठंतरी कुलूप असेल आणि ते काढलं की तो फिरवता येत असेल, अशी त्यांची कल्पना असावी. कोल्हापुरात आल्यावर हीच त्यांची गोष्ट झाली. क्लबात सांगितली, कारखान्यात सांगितली, लग्नकार्यात सांगितली. ते उभे राहून आपली पाठ वळवायचे, हात मागं नेऊन फिरवायचे, डोळ्यांना बोटं लावायचे. लोक हसून लोळायचे. कारखान्यातली माणसं म्हणायची, आबा, तुमची मेम किल्ली घिऊन पळाली बघा. एकजण म्हणायचा, अजून शोधत असंल, जाऊन सांगा तरी गेलो म्हणून. आबाही हसायचे. शेवट ठरलेला होता. थांबा म्हनली, आनि गेली ती गेलीच.

तिच्याबद्दल ते कधी वाईट बोलले नाहीत. उलट कुणी फार चेष्टा केली तर म्हणायचे, न्हाई, बाई चांगली हुती, तिला कळलं हुतं मला काय पायजे ते.

मी तिथंच असायची, ताटं मांडत किंवा पुस्तक उघडून बसलेली. पहिल्या वर्षी सांगून टाकणं सोपं होतं. मग ती गोष्ट त्यांची झाली, तिच्यातल्या जागा ठरल्या, हसायच्या, थांबायच्या. आता मी सांगितलं असतं तर ती गोष्टच मोडली असती. असं मी स्वतःला समजावत असे. हेही पूर्ण खरं नाही. त्यांनी माझ्याकडं कसं बघितलं असतं याची मला भीती होती.

आणखी दोन वर्षं खेळून मी थांबले. उजवा खांदा दुखावला होता. मी शिकले, ग्रंथालयात नोकरी लागली. मनात होतं, आबांना पुन्हा घेऊन जायचं. तिथं गेल्यावर न बोलता त्यांच्या हातात आरसा द्यायचा. मी मुठीचा एक आरसा महाद्वार रोडवरून आणूनही ठेवला होता. पासपोर्टाची मुदत संपलेली होती, तो नवा करायचा राहत गेला. कधी माझी रजा नसायची, कधी आईचं दुखणं असायचं, कधी काहीच कारण नसायचं.

एकदा ग्रंथालयात शिल्पांचं एक जाडजूड पुस्तक आलं. त्यात ती संगमरवरी बाई सापडली. पूर्ण पानभर, समोरून. मी पुस्तक घरी नेलं आणि आबांपुढं उघडलं. त्यांनी चष्मा लावला. पुष्कळ वेळ बघितलं. मग ते पान उलटलं आणि त्याच्या मागच्या बाजूला बघितलं. तिथं दुसऱ्याच पुतळ्याचा फोटो होता.

"मागं न्हाई," ते म्हणाले, आणि हसले.

त्यानंतर चारेक वर्षांनी तो मंगळवार आला.

घरामागं पत्र्याची एक छपरी आहे. आबा संध्याकाळी तिथं काहीबाही करत बसायचे, गणपतीच्या दिवसांत शेजारच्यांना मूर्ती रंगवून द्यायचे. मी कधी आत जात नव्हते, आत माती आणि पोती. पुण्यानुमोदनानंतरच्या रविवारी आई म्हणाली, ते तेवढं बघून घे, पावसात पत्रा गळतोय.

मागच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली काहीतरी उभं होतं. मी गोणपाट काढलं. प्लास्टरची पाठ होती. माणसाएवढी, वाकून बसलेल्या बाईची. मानेचा मणका, त्याखालचे एक-एक मणके, बरगड्यांवर ताणलेली कातडी, कमरेशी पडलेली घडी. त्या पाठीकडं बघून कळत होतं की ती बाई रडत नाही, झोपलेलीही नाही. ती दमली आहे. साच्याचे सांधे तसेच होते. मणक्यावरून एक उभा, दोन्ही खांद्यांखालून दोन आडवे. कानस शेजारी खिळ्याला टांगलेली होती. तिला प्लास्टर लागलेलं नव्हतं.

मी वळसा घालून पुढं गेले. पुढं काहीच नव्हतं. प्लास्टरचा गोळा, काथ्या आणि आधाराला लावलेली फळी.

आई दारात येऊन उभी राहिली होती. तिला माहीत होतं. तीनदा माती लावून त्यांनी मोडली, म्हणाली. चौथ्यांदा साचा घेतला. मी विचारलं, पुढची बाजू का केली नाही.

"फुडनं बगितलीया म्हनले," आई म्हणाली.

मी पुन्हा मागं आले. आई आत आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. पाठीवर हात ठेवावा तसा तिनं प्लास्टरवर हात ठेवला.

"तुझीच हाय न्हवं ही?" ती म्हणाली. "खांदा बघ की."

उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा वर होता आणि किंचित बाहेर वळलेला होता, लवकर उघडलेला.

त्या दिवशी मी आईला सगळं सांगणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण आईनं पदरानं त्या खांद्यावरची धूळ पुसायला घेतली आणि तीच म्हणाली, मेलीला किल्ली गावली असती तर ह्यांचा एवढा जीव अडकला नसता. मी गोणपाट घडी करत राहिले.

पुढं क्लबानं मातीची कोर्टं काढून टाकली. आता सिमेंटवर रंगवलेली निळी कोर्टं आहेत. त्यांना पाणी लागत नाही, फक्की लागत नाही. आईही गेली. विहारातली बुद्धमूर्ती भिंतीला लावलेलीच आहे.

ती पाठ आता माझ्या खोलीत आहे. भिंतीपासून चार हात पुढं ठेवली आहे, चारी बाजूंनी फिरता येतं. सांधे तसेच आहेत. आरसा कपाटात आहे. ती बाई आरसा घेऊन परत आली होती, आणि आबांना मी ते सांगितलं नाही.